पाण्यात बुडी मारण्याआधी पंधरा-वीस जोरदार श्वास घेतले की दम जास्त टिकतो. नागपुरातल्या स्विमिंग पूलवर हा सराव करू का?

नका करू, दम टिकतो हे खरं असलं तरी. श्वास घ्यावासा वाटतो तो मुख्यतः रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढल्यामुळे, ऑक्सिजन कमी झाल्यामुळे नाही. भराभर श्वास घेऊन तुम्ही तो वायू बाहेर टाकता. ऑक्सिजन मात्र फारसा वाढत नाही, कारण निरोगी माणसाचं रक्त आधीच 97-98 टक्के भरलेलं असतं. म्हणजे टाकी तेवढीच, फक्त धोक्याची घंटा काढून ठेवली! मग छातीत घुसमट होण्याआधीच शुद्ध हरपते, आणि तीही पाण्याखाली. मी इथे पोहायला शिकवतो. एप्रिलच्या उन्हात काठाला धरून पोरं फू-फू करत असतात, बोटांना मुंग्या आल्या की हसतात. त्या मुंग्या वायू कमी झाल्याच्याच असतात. बेशुद्ध पडलेला पोरगा ओरडत नाही, हातपाय मारत नाही. वरून बघणाऱ्याला तो अजून दम धरून आहे असंच वाटतं. फ्रान्सच्या स्टेफान मिफसूदने 2009 मध्ये 11 मिनिटं 35 सेकंद श्वास रोखला, पण तो पाण्यावर निपचित तरंगत, शेजारी सुरक्षेची माणसं ठेवून. (20 मिनिटांच्या वरचे आकडे ऐकता ना, ते आधी शुद्ध ऑक्सिजन घेऊन केलेले.)

घरी पलंगावर पडून, साध्या श्वासानंतर दम धरायला हरकत नाही; फिट येण्याचा किंवा हृदयाचा त्रास असेल तर तेही डॉक्टरांना विचारूनच.