शाश्वत भूवापरात पगारी पीएचडी करायची आहे. गोव्यातून अर्ज कुठून सुरू करावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : पर्यावरणशास्त्रात एमएस्सी झालंय, शेतजमीन आणि भूवापर या विषयात पीएचडी करायची आहे, पण स्वखर्चाने जमणार नाही. युरोपातल्या प्राध्यापकांना पाठवलेल्या मेलना उत्तर येत नाही. आधी प्रपोजल लिहावं का, आणि गोव्यात राहून काही होईल का?

प्रपोजल एवढ्यात लिहू नका. पगारी जागा दोन जातीच्या असतात आणि अर्ज बहुतेक इथेच फसतात. पहिली प्रकल्पातली जागा. तिथे पैसा मंजूर झालेला असतो, संशोधनाचा प्रश्न आणि प्रदेशही ठरलेला असतो, त्यांना फक्त काम करणारा माणूस हवा असतो. दुसरी फेलोशिप, म्हणजे पैसा तुमच्या नावावर, विषय तुमचा आणि मार्गदर्शक तुम्ही शोधायचा. पहिल्या प्रकारच्या जागेला गोव्यातल्या खाजनांवरचं (नदीकाठी बांध घालून राखलेल्या खाऱ्या शेतजमिनींवरचं) वीस पानी प्रपोजल जोडलं, तर जाहिरात वाचलीच नाही असा समज होतो. दुसऱ्या प्रकारात नुसतं आवडनिवड सांगणारं पत्र पाठवलं, तर कोणी दखल घेत नाही. ‘तुमच्याकडे काही जागा आहे का’ अशा मेलना उत्तर न येण्याचं कारणही हेच. त्या दोन्हीपैकी कशातच बसत नाहीत.

युरोपातल्या बऱ्याचशा जागा पहिल्या प्रकारच्या असतात. नेदरलँड्समध्ये, म्हणजे वाखेनिंगेनसारख्या ठिकाणी, पीएचडीचा विद्यार्थी हा सहसा विद्यापीठाचा नोकर असतो आणि करार साधारण चार वर्षांचा असतो. स्वीडनच्या कृषी विद्यापीठातही चार वर्षं. नॉर्वेत तीन, शिकवण्याचं काम असेल तर चार. जर्मनीत जाहिरातीत ‘ई १३, ६५ टक्के’ असं काहीतरी दिसतं. ई १३ ही तिथली सरकारी वेतनश्रेणी. म्हणजे पगार त्या श्रेणीच्या ६५ टक्के, पीएचडी मात्र पूर्ण. म्युंशेबर्गची शेती-भूदृश्य संशोधन संस्था अशा जागा काढते. या सगळ्यांसाठी युरॅक्सेस हे पोर्टल आणि त्या त्या विद्यापीठाचं नोकऱ्यांचं पान आठवड्यातून एकदा बघत जा. जाहिरातीत पोर्टलवरून अर्ज मागितला असेल तर मेलने पाठवलेला अर्ज धरला जात नाही. जाहिरातीतल्या नावाला मेल करायचा तो फक्त नेमका प्रश्न असेल तर, आणि तोही आठ-दहा ओळींत.

युरोपीय संघाच्या पैशावर चालणाऱ्या मेरी क्युरी डॉक्टरल नेटवर्कच्या जागांना एक वेगळी अट असते : नेमणुकीआधीच्या ३६ महिन्यांत तुम्ही त्या देशात १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेले किंवा काम केलेले नसावे. पोर्तुगीज पासपोर्ट असलेल्या गोंयकारांनाही हीच अट लागू आहे, कारण इथे नागरिकत्व बघत नाहीत, वास्तव्य बघतात. लिस्बनमध्ये दीड वर्ष नोकरी करून लगेच पोर्तुगालमधल्याच अशा जागेला अर्ज केला, तर तो छाननीतच बाद होतो.

आता पत्र. दोन पानांच्या वर नको. जाहिरातीतल्या आवश्यक अटी एकेक करून घ्या आणि प्रत्येकीसमोर पुरावा ठेवा. ‘मला शाश्वत विकासाची तळमळ आहे’ या वाक्याने निवड करणाऱ्याला काहीच कळत नाही. ‘मांडवीकाठच्या एका खाजनात बांधापासून आत जाताना मातीची क्षारता कशी घटते, हे मी एमएस्सीच्या प्रबंधात विद्युतवाहकतेने मोजलं, आणि ते आर या संगणकीय भाषेत मांडलं’ या वाक्याने तुमचं सगळं काम दिसतं. जे केलंय तेच लिहा, पण ते इतकं नेमकं लिहा. गोवा हा पत्रातला पुरावा असू द्या, मागणी नको.

गोव्याची जमीन हा पुरावा म्हणून फार मोलाचा आहे आणि आपल्याकडची मुलं तो वाया घालवतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. उपग्रहचित्रांवरून भूवापराचा नकाशा करणं हे या क्षेत्रातलं रोजचं काम. सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहाची चित्रं १० मीटर तपशिलाची आणि फुकट मिळतात. पण आपलं मुख्य भात जून ते सप्टेंबरमध्ये उभं असतं आणि नेमकं तेव्हाच ढगांमुळे खालचं काही दिसत नाही. म्हणून ढगांतून पार जाणारं सेंटिनेल-१ चं रडार वापरावं लागतं. पुढची अडचण कुळागराची. माड, पोफळी, फणस, मिरवेल अशी दाटी वरून जंगलासारखी दिसते आणि वर्गीकरणात शेती जंगलात जमा होते. सड्याचं, म्हणजे जांभ्या खडकाच्या पठाराचं, नेमकं उलट. मे महिन्याच्या चित्रात तो ओसाड पडीक दिसतो, तर पावसात त्याच जांभ्यावर फुलझाडांचा गालिचा असतो. फक्त उन्हाळ्याच्या चित्रावरून ‘पडीक’ असा शिक्का मारला की नकाशा चुकलाच. या तीन चुका ज्याला ठाऊक आहेत आणि प्रत्यक्ष जाऊन जीपीएसने ठिकाणं तपासता येतात, तो उमेदवार सॉफ्टवेअरची यादी देणाऱ्यापेक्षा कितीतरी पुढे असतो.

फेलोशिपसाठी प्रपोजल लिहायची वेळ आली की वेळापत्रक हंगामाला बांधा. खाजनातली क्षारता मेमध्ये चढते आणि पावसाने धुऊन निघते. त्यामुळे नमुने मेमध्ये आणि पुन्हा पावसाळ्यात घ्यायला हवेत, आणि एक मे हुकला की वर्ष गेलं. क्षारता कशी मोजणार तेही स्पष्ट लिहा. माती-पाणी १:२.५ मिश्रणातलं वाचन आणि संपृक्त अर्कातलं (पाण्याने पुरती भिजवलेल्या मातीतून काढलेल्या पाण्यातलं) वाचन एक नव्हे. भाताला सहन होणारी साधारण ३ डेसिसीमेन प्रति मीटर ही मर्यादा संपृक्त अर्काची आहे. मानशीचं (भरतीचं पाणी अडवणाऱ्या झडपेचं) दार कोण राखतं, बांधाची दुरुस्ती कोण करतं, कोमुनिदाद ही गावाची जुनी जमीनसंस्था की कुळांचा संघ, हा भागही त्यात हवा. भूवापर माणसं ठरवतात, आणि मातीवर थांबलेलं प्रपोजल अर्धंच राहतं. जमिनीच्या मालकीसाठी १/१४ चा उतारा (गोव्याचा सातबारा) हा आधार घ्या, पण प्रत्यक्ष कसतो कोण हे त्यावरून नेहमीच कळत नाही, हेही लिहून ठेवा. गोव्याची माती युरोपातल्या प्रयोगशाळेत नेण्याची योजना शक्यतो टाळा. युरोपीय संघात बाहेरची माती खास परवान्याशिवाय नेता येत नाही. तपासणी इथे करून आकडे पाठवणं सोपं.

इथे राहून होईल का? होईल, आणि त्याची किल्ली नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा. जून आणि डिसेंबर अशी वर्षातून दोनदा होते. पर्यावरणशास्त्र आणि भूगोल हे दोन्ही विषय यूजीसी-नेटमध्ये आहेत. जेआरएफ (कनिष्ठ संशोधन फेलोशिप) मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि पुढे ४२,००० रुपये, घरभाडं वेगळं. नुसती पीएचडीपुरती पात्रता मिळाली तर प्रवेशात त्या गुणांना ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के वजन असतं, आणि ते गुण एकच वर्ष चालतात. पण या पात्रतेबरोबर पैसा येत नाही, ही गोष्ट अनेकांच्या लक्षात उशिरा येते. गोवा विद्यापीठात प्रवेशाआधी मार्गदर्शकाकडे जागा आहे का ते विचारा. नियमाने प्राध्यापकाला आठ, सहयोगीला सहा, सहायकाला चार विद्यार्थी, त्याहून जास्त नाहीत. जुने गोवेच्या किनारी कृषी संशोधन संस्थेत किंवा दोनापावलच्या एनआयओत (राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत) प्रकल्पावर जेआरएफ म्हणून लागलात, तर ती नोकरी झाली. पीएचडीची नोंदणी वेगळी करावी लागते, आणि प्रकल्प संपला की पगारही थांबतो. रुजू होण्याआधी प्रकल्पाचे किती महिने उरलेत ते विचारून घ्या. बंगळुरूची एट्री ही पर्यावरण संशोधन संस्था आणि आयआयटी मुंबईचं ग्रामीण तंत्रज्ञानाचं सितारा केंद्रही याच विषयाजवळचं काम करतं.

कागदपत्रांत दोनच गोष्टी अडतात. एकत्रित गुणपत्रक आधीच काढून ठेवा. आणि शिफारसपत्र देणाऱ्यांना जाहिरात, तुमचं पत्र आणि शेवटची तारीख निदान तीन आठवडे आधी पाठवा. विभागप्रमुखांच्या कोरड्या पत्रापेक्षा प्रबंधाच्या मार्गदर्शकाचं पत्र जास्त उपयोगी पडतं, कारण त्यांनी तुमचे आकडे तपासलेले असतात.

मुलाखतीत शेवटी ‘तुम्हाला काही विचारायचंय का’ असं विचारतात. तेव्हा क्षेत्रकामाचा प्रवास आणि माती तपासणीचा खर्च प्रकल्पात धरलाय का, आणि चौथं वर्ष लागलं तर पगार कुठून येणार, हे दोन प्रश्न जरूर विचारा. उत्तर गुळमुळीत आलं तर करारावर सही करण्याआधी ते लेखी मागा.