वाचकांचे प्रश्न : जवस, सोयाबीन आणि करंज

प्रश्न : आमच्या घरातील जुन्या सागवानी झोपाळ्याला चकाकी यावी म्हणून श्रावणात घाण्यावरचे जवसाचे तेल सढळ हाताने लावले. दीड महिना झाला तरी फळी चिकटच आहे. बसणाऱ्याच्या कपड्यांना डाग पडतात. तेल भेसळीचे असावे का? आणि उरलेले तेल तळणाला वापरले तर चालेल का?
— एक वाचिका, रामबाग, इंदूर

उत्तर : केवळ फळी चिकट राहिली एवढ्यावरून तेलात भेसळ आहे असे म्हणता येणार नाही. आपल्या वर्णनावरून दोष तेलाचा नसून जाड थराचा आणि पावसाळी हवेचा दिसतो.

जवसाचे तेल लाकडावर वाळते असे आपण म्हणतो, पण पाण्यासारखे ते उडून जात नाही. या तेलात साधारण निम्म्याहून अधिक वाटा लिनोलेनिक आम्लाचा असतो आणि त्याच्या प्रत्येक रेणूत तीन दुहेरी बंध असतात. हवेतील प्राणवायू या बंधांच्या आसपास जोडला जातो, रेणू एकमेकांत गुंततात आणि शेवटी पातळ तेलाचा चिवट, घट्ट पापुद्रा बनतो. तैलरंग, खिडक्यांच्या काचा बसवण्याची लांबी (पुट्टी) आणि लिनोलियमची फरशी ही सारी या एका गुणावर उभी आहेत. तेलातील दुहेरी बंधांचा अंदाज आयोडीन मूल्यावरून येतो. शंभर ग्रॅम तेल किती ग्रॅम आयोडीन शोषून घेते, ते हे मूल्य सांगते. खोबरेल तेलात ते सुमारे 7 ते 10, शेंगदाण्याच्या तेलात 90 च्या आसपास, तर जवसाच्या तेलात 170 च्याही पुढे असते. म्हणूनच खोबरेल तेल फळीला वर्षभर लावून ठेवले तरी त्याचा पापुद्रा होणार नाही.

थर जाड असला की वरचा भाग आधी धरतो, त्याखाली प्राणवायू पोहोचत नाही आणि आतले तेल ओलेच राहते. दमट, ढगाळ हवेत ही क्रिया आणखी मंदावते. आता टर्पेंटाईनमध्ये भिजवलेल्या फडक्याने चिकटा पुसून काढावा, फळी कोरडी झाल्यावर बारीक पॉलिशपेपर फिरवावा आणि चांगले ऊन पडू लागले की अगदी पातळ हात द्यावा. पंधरा-वीस मिनिटांनी लाकडात न मुरलेले सारे तेल कोरड्या कापडाने पुसून टाकावे आणि पहिला हात पूर्ण वाळल्याखेरीज दुसरा देऊ नये. रंगाच्या दुकानात मिळणारे ‘डबल बॉइल्ड’ तेल लवकर वाळते, कारण ही क्रिया वेगाने घडवणारे धातूंचे क्षार त्यात घातलेले असतात. ते तेल स्वयंपाकघरात मुळीच ठेवू नये.

आपण विचारले नसले तरी एक गोष्ट आग्रहाने सांगणे भाग आहे. वाळताना हे तेल उष्णता सोडते. फळीवर ती हवेत निघून जाते, पण तेलाने भिजलेली फडकी चुरगळून कोपऱ्यात किंवा कचऱ्याच्या डब्यात टाकली तर घड्यांमध्ये उष्णता साठत जाते आणि काडी न लावताही ती पेट घेऊ शकतात. अशी फडकी अंगणात एकेरी पसरून, पूर्ण कडक होईपर्यंत वाळवावीत किंवा झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात पाण्यात बुडवून ठेवावीत.

तळणासाठी हे तेल वापरू नये. ज्या गुणामुळे ते झोपाळ्याच्या कामाचे, त्याच गुणामुळे ते कढईत टिकत नाही. न शुद्ध केलेले जवसाचे तेल फार लवकर धुरावते आणि बिघडते. ते खाण्यासाठीच म्हणून काढलेले व ताजे असेल, तर फ्रिजमध्ये गडद बाटलीत ठेवून भाकरीबरोबर किंवा कोशिंबिरीवर थोडे कच्चेच घ्यावे. माझे मत विचाराल तर जवस भाजून केलेली चटणी अधिक चांगली, कारण आख्ख्या दाण्यात तेल पुष्कळ काळ सुरक्षित राहते आणि हवी तेवढीच चटणी कुटता येते.

प्रश्न : सारा माळवा सोयाबीन पिकवतो. मग घाण्यावर तीळ, शेंगदाणा, मोहरी यांचे तेल मिळते, सोयाबीनचे का मिळत नाही?
— एक वाचक, सुदामानगर, इंदूर

उत्तर : तिळात आणि शेंगदाण्यात जवळपास निम्मे तेल असते, सोयाबीनच्या दाण्यात ते 18 ते 20 टक्केच असते, आणि प्रथिने मात्र 40 टक्क्यांच्या आसपास. चांगल्या यंत्राने दाबूनही पेंडीत सहा-सात टक्के तेल मागे राहते. तिळाच्या बाबतीत ही तूट सोसते, पण सोयाबीनचे एक तृतीयांश तेल त्यातच जाईल. म्हणून कारखान्यात दाणे फोडून, गरम करून, त्यांचे पातळ पापुद्रे केले जातात आणि हेक्झेन या द्रावकाने तेल धुऊन काढले जाते. मग पेंडीत एक टक्क्याच्या आतबाहेर तेल उरते. हेक्झेन सुमारे 69 अंश सेल्सिअसला उकळत असल्याने ते तेलातून वेगळे करून पुन्हा वापरता येते. पुढे निर्वात टाकीत दोनशे अंशांहून अधिक तापमानाला वाफ सोडून तेलाचा वास घालवतात, तेव्हा राहिलेला अंशही निघून जातो. त्यामुळे रिफाइंड तेल म्हणजे विषच, हे सरसकट विधान मला मान्य नाही. मात्र सोयाबीनच्या तेलातही सहा-सात टक्के लिनोलेनिक आम्ल असते, म्हणून तेच तेल तळणासाठी पुन्हा पुन्हा तापवू नये.

सोयाबीनच्या व्यापारात मोठी किंमत पेंडीची असते. दाण्यातील पचनाला अडथळा आणणारे घटक पेंड भाजताना निष्प्रभ होतात आणि ती कोंबड्यांच्या खाद्यात जाते. तेल स्वच्छ करताना निघणारे लेसिथिन चॉकलेटमध्ये वापरले जाते. सोयाबीनवर काम करणारी राष्ट्रीय संशोधन संस्था 1987 पासून आपल्या इंदुरातच आहे. शाळांनी मुलांची एखादी सहल तिकडे न्यावी असे मनापासून वाटते.

प्रश्न : आमच्या वसाहतीत करंजाच्या शेंगांचा सडा पडतो. बियांचे तेल काढून डिझेलच्या गाडीत थेट घालता येईल का?
— एक महाविद्यालयीन वाचक, इंदूर

उत्तर : थेट घालू नये. 1900 साली पॅरिसच्या प्रदर्शनात एक डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवले गेले होते हे खरे, पण वनस्पती तेल डिझेलच्या सुमारे दहापट दाट असते आणि आजच्या इंजिनाचे बारीक फवारे त्याने तुंबतात. मिथेनॉल आणि अल्कलीच्या साहाय्याने तेलातील ग्लिसरीन वेगळे केले की बायोडिझेल मिळते. मात्र मिथेनॉल विषारी आणि ज्वालाग्राही असल्याने हा प्रयोग घरी न करता महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत, शिक्षकांच्या देखरेखीखाली करावा. बिया जुन्या, ओलसर असतील तर तेलात सुटी आम्ले वाढतात आणि बायोडिझेलऐवजी साबण तयार होतो. तेव्हा शेंगा पाऊस लागण्याआधी गोळा करून उन्हात खडखडीत वाळवाव्यात.

करंजेल कडू असते आणि ते खाण्याचे नाही. बाटलीवर तसे ठळक लिहून ठेवावे. दिव्याला आणि साबणाला मात्र ते चांगले. उरलेली पेंड गुरांना न घालता वसाहतीतल्या बागेच्या मातीत मिसळावी. त्यातून झाडांना नत्र मिळते.