बुटीबोरीच्या सर्व्हरवरचा जुना बॅकअप एजंट

प्रश्न : भाऊ, आमचं ऑफिस धंतोलीत आहे आणि टॅलीचा सर्व्हर बुटीबोरी एमआयडीसीतल्या कारखान्यात, विंडोज सर्व्हर 2019. दिवाळीनंतर बॅकअपचं सॉफ्टवेअर बदललं, जुन्याचा कन्सोल (सगळे बॅकअप चालवायचा मुख्य प्रोग्राम) ज्या मशीनवर होता ते फॉरमॅट करून टाकलं, पण सर्व्हरवर त्याचा एजंट (सर्व्हरवर राहून बॅकअप घेणारा प्रोग्राम) तसाच बसून आहे. नवीन बॅकअप रोज रात्री व्हीएसएसची (चालू फाइल्सचा स्नॅपशॉट घेणारी विंडोजची सेवा) एरर देऊन फेल होऊन राहिला. रिमोट डेस्कटॉपने शिरून जुनी सर्व्हिस बंद केली. आता प्रोग्राम फाइल्समधलं फोल्डर डिलीट करू का?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : नका करू भाऊ, फोल्डरला हातच लावू नका. एजंट म्हणजे फक्त ती सर्व्हिस नसते. डिस्कवर कुठला ब्लॉक बदलला याची नोंद ठेवायला बरेच बॅकअपवाले विंडोजच्या आत एक ड्रायव्हर बसवतात, त्याची फाइल सिस्टम 32 मधल्या ड्रायव्हर्स फोल्डरमध्ये असते आणि नाव रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जचा साठा) व्हॉल्यूम क्लासच्या अप्परफिल्टर्स या ड्रायव्हरच्या यादीमध्ये. फोल्डर उडवलं की काढायचं साधनच जाते, ड्रायव्हर मात्र तिथेच. मग माणूस वैतागून ती फाइलही उडवतो, रजिस्ट्रीतलं नाव राहून जाते, आणि पुढच्या रिस्टार्टला निळी स्क्रीन येते, इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस. तेव्हा रिमोट डेस्कटॉप काही कामाचा नाही, वर्धा रोडने गाडी काढून बुटीबोरी गाठावीच लागते. त्याच अप्परफिल्टर्समध्ये व्होलस्नॅप हे नाव दिसेल, ते विंडोजचं स्वतःचं आहे, ते चुकूनही काढायचं नाही.

म्हणून आधी टॅली बंद करून डेटा फोल्डरची कॉपी दुसऱ्या मशीनवर घ्या, आणि कारखान्यात कोणीतरी मॉनिटर-कीबोर्ड लावून बसलेलं असू द्या (आयलो किंवा आयड्रॅक, म्हणजे विंडोज चालू नसतानाही दुरून सर्व्हरची स्क्रीन दाखवणारी सोय, चालू असेल तर त्याने भागते). मग कंट्रोल पॅनलमधून अनइन्स्टॉल करून पाहा, बहुतेक वेळा तेवढ्यातच होते. नाही झालं तर रजिस्ट्रीत एचकेएलएम, सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, करंटव्हर्जन, अनइन्स्टॉल इथे जा, एजंट 32 बिटचा असेल तर वाओ 6432 नोडखाली सापडेल. तिथे अनइन्स्टॉलस्ट्रिंग मिळेल, त्यात महिरपी कंसातला प्रॉडक्ट कोड. अ‍ॅडमिन कमांड प्रॉम्प्टवर एमएसआयएक्झेकला (एमएसआय पॅकेज बसवायची-काढायची विंडोजची कमांड) स्लॅश एक्स म्हणजे काढून टाक, तो कोड, स्लॅश नोरिस्टार्ट, आणि लॉग फाइलचा पर्याय द्यायचा. शेवटी एक्झिट कोड 0 आला तर झालं, 3010 म्हणजे निघाला पण रिस्टार्ट हवा, 1618 म्हणजे दुसरं काही इन्स्टॉल चालू आहे, थांबा. 1603 आला तर लॉगमध्ये "रिटर्न व्हॅल्यू 3" शोधा, खरं कारण त्याच्या थोडं वरच लिहिलेलं असते. आणि फोल्डर आधीच उडवलं असेल तर त्याच व्हर्जनचा एजंट परत वरून बसवा आणि मग रीतसर काढा, हाताने खरवडण्यापेक्षा हे शंभरदा बरं.

पॉवरशेलवाल्यांना एक सांगून ठेवतो, बसवलेल्या सॉफ्टवेअरची यादी काढायला विन 32 प्रॉडक्टची क्वेरी मारू नका. ती नुसती यादी देत नाही, मशीनवरचं एकेक एमएसआय पॅकेज तपासत बसते आणि काहींची दुरुस्तीही सुरू करते. चालू सर्व्हरवर हे नको.

रिस्टार्ट सगळे घरी गेल्यावर करा. मग व्हीएसएसअ‍ॅडमिन लिस्ट रायटर्स ही कमांड चालवा (रायटर्स म्हणजे स्नॅपशॉटआधी आपला डेटा तयार ठेवणारे प्रोग्रामचे भाग), सगळे स्टेबल आणि नो एरर दिसले पाहिजेत. व्हीएसएसअ‍ॅडमिन लिस्ट प्रोव्हायडर्समध्ये (प्रोव्हायडर म्हणजे प्रत्यक्ष स्नॅपशॉट घेणारा) जुन्या कंपनीचं नाव दिसायला नको, तुमची रात्रीची एरर बहुतेक तिथूनच येत असेल. जुन्या एजंटसाठी अ‍ॅडमिन हक्काचा यूजर बनवला होता का? तो बंद करा, फायरवॉलमधला नियमही काढा, हे सगळेच विसरतात.

राहिल्या जुन्या बॅकअपच्या फाइल्स. एजंट काढल्याने त्या जात नाहीत, पण त्या सॉफ्टवेअरशिवाय उघडतही नाहीत. आणि कंपनी असेल तर हिशेबाची पुस्तकं 8 आर्थिक वर्षं सांभाळावी लागतात. तेव्हा जुना इन्स्टॉलर, लायसन्स फाइल आणि एन्क्रिप्शनचा पासवर्ड धंतोलीच्या ऑफिसात जपून ठेवा, आणि या आठवड्यातच एखाद्या रिकाम्या मशीनवर तो कन्सोल परत बसवून मागच्या मार्चचा एक बॅकअप उघडून बघा.