अमेरिकेतले कॉन्झर्व्हेटिव्ह भाष्यकार एका घोटाळ्यावर रान उठवतात आणि दुसऱ्यावर गप्प का बसतात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: क्लिंटनच्या भानगडीवर ज्यांनी वर्षभर नीतीचे धडे दिले, जो बायडनचा मुलगा हंटर याच्या लॅपटॉपवर बोलताना जे थकले नाहीत, तेच लोक ट्रम्पचं काही निघालं की विषय बदलून ट्रान्सजेंडर खेळाडूंवर कसे येतात? हा निव्वळ ढोंगीपणा का? आणि यातल्या कोणाचं ऐकावं?

ढोंगीपणा आहेच. पण एवढं म्हणून थांबलं तर हातात काही येत नाही. ढोंग डावीकडेही मुबलक सापडतं. मी हे कार्यक्रम बरीच वर्षं ऐकतोय, कधी पटतात म्हणून, कधी चरफडत. ऐकून ऐकून माझं मत असं झालंय की या भाष्यकारांचा खरा मालक त्यांचा श्रोता आहे. रिपब्लिकन पक्ष आणि त्याचे नेते त्याच्या नंतर. श्रोत्याला काय ऐकायचं नाही हे एकदा कळलं की भाष्यकार कुठे गप्प बसणार हे आधीच सांगता येतं.

हे पूर्वीपासून असंच नव्हतं. विल्यम बकलीने १९५५ मध्ये 'नॅशनल रिव्ह्यू' काढलं. ते नियतकालिक कायम तोट्यात असायचं आणि देणग्यांवर चालायचं. असं असूनही १९६२ मध्ये बकलीने जॉन बर्च सोसायटी या कट्टर कम्युनिस्टविरोधी संघटनेचा प्रमुख रॉबर्ट वेल्च याच्यावर उघड टीका केली. हा वेल्च आयझेनहॉवरलासुद्धा कम्युनिस्टांचा हस्तक म्हणायचा. 'नॅशनल रिव्ह्यू'च्या वाचकांत आणि देणगीदारांत बर्चवाले बरेच होते, ते बिथरले. बकलीने ते सोसलं. उजव्या विचाराच्या संपादकाने आपल्याच वाचकाला 'हे मूर्खपणाचं आहे' असं तोंडावर सांगायचं, ही तेव्हा अशक्य गोष्ट नव्हती.

मग रेडिओ आला. म्हणजे रेडिओ होताच, नियम बदलला. वादग्रस्त विषयावर दुसऱ्या बाजूलाही जागा दिली पाहिजे असं सांगणारी 'फेअरनेस डॉक्ट्रिन' १९४९ पासून लागू होती, ती १९८७ मध्ये रद्द झाली. संगीत तोवर एफएमवर गेलं होतं आणि एएम केंद्रांना दिवसभर लावायला काहीतरी हवं होतं. ऑगस्ट १९८८ मध्ये रश लिंबॉ या कॉन्झर्व्हेटिव्ह निवेदकाचा रेडिओ कार्यक्रम देशभर सुरू झाला. केंद्रांनी रोख पैशांऐवजी जाहिरातींची मिनिटं द्यायची, असा तो व्यवहार होता. श्रोता हेच उत्पन्न झालं. लिंबॉ विलक्षण हुशार आणि विनोदी माणूस होता, हे त्याचे विरोधकही खासगीत मान्य करायचे. पण रोज तीन तास, आठवड्यातून पाच दिवस बोलणाऱ्या माणसाला स्वतःच्या श्रोत्याशी भांडण परवडत नाही. रूपर्ट मरडॉक आणि रॉजर एल्स यांनी ऑक्टोबर १९९६ मध्ये फॉक्स न्यूज सुरू केलं तेव्हा हेच गणित टीव्हीवर आलं. जानेवारी १९९८ मध्ये क्लिंटन आणि व्हाइट हाउसमधली इंटर्न मोनिका लुइन्स्की यांचं प्रकरण फुटलं, तेही मॅट ड्रजच्या एकट्याच्या संकेतस्थळावर, 'न्यूजवीक'ने बातमी अडवून ठेवली असताना. घोटाळा रोज पुरवून पुरवून खाता येतो हे तिथून सगळ्यांना कळलं.

श्रोता बदलला की नीतीही कशी बदलते, याचा एक आकडा मला फार बोलका वाटतो. खासगी आयुष्यात अनैतिक वागलेला नेता सार्वजनिक कामात सचोटीने वागू शकतो का, असा प्रश्न पीआरआरआय या संस्थेने २०११ मध्ये विचारला होता. गोऱ्या इव्हँजेलिकल प्रोटेस्टंटांपैकी फक्त ३० टक्के 'हो' म्हणाले. २०१६ मध्ये तोच प्रश्न पुन्हा विचारला, तेव्हा 'हो' म्हणणारे ७२ टक्के होते. मधल्या काळात बायबल बदललं नाही, उमेदवार बदलला. क्लिंटनच्या वेळी, १९९८ मध्ये, सदर्न बॅप्टिस्ट या मोठ्या इव्हँजेलिकल पंथाने लोकप्रतिनिधींचं चारित्र्य महत्त्वाचं आहे असा ठरावच केला होता. तो कोणी मागे घेतल्याचं माझ्या ऐकण्यात नाही. फक्त त्याची आठवण काढणं थांबलं.

पण भाष्यकाराला माहीत असूनही तो गप्प बसतो, हे सिद्ध कसं करायचं? एरवी आपण अंदाजच करू शकतो. डोमिनियन या मतदान यंत्रं बनवणाऱ्या कंपनीने फॉक्सवर भरलेल्या बदनामीच्या खटल्यात मात्र ते कागदावर आलं. नोव्हेंबर २०२० च्या अध्यक्षीय निवडणुकीच्या निकालाच्या रात्री फॉक्सने अ‍ॅरिझोना बायडनच्या खात्यात टाकलं, तेही इतरांच्या आधी. अंदाज बरोबर निघाला, पण प्रेक्षक भडकले आणि न्यूजमॅक्स या दुसऱ्या उजव्या वाहिनीकडे जाऊ लागले. मतदान यंत्रांमध्ये गडबड झाली हा दावा करणाऱ्या ट्रम्पच्या वकील सिडनी पॉवेल खोटं बोलताहेत, असं फॉक्सचा तेव्हाचा निवेदक टकर कार्लसन याने आतल्या संदेशांत स्पष्ट लिहिलं होतं. त्याच सुमाराला फॉक्सच्याच एका वार्ताहराने ट्रम्पच्या ट्वीटमधला दावा तपासून चुकीचा ठरवला, तर तिला काढून टाका, कंपनीचं नुकसान होतंय, शेअर पडलाय, असंही त्याने लिहिलं. अ‍ॅरिझोनाचा निर्णय देणाऱ्या चमूतला राजकीय संपादक ख्रिस स्टायरवॉल्ट जानेवारी २०२१ मध्ये नोकरीतून गेला. कंपनीने त्याला 'पुनर्रचना' म्हटलं. एप्रिल २०२३ मध्ये फॉक्सने डोमिनियनला ७८ कोटी ७५ लाख डॉलर देऊन खटला मिटवला. ते संदेश वाचताना मला पक्षाची भीती कुठे दिसली नाही. भीती होती ती रिमोट हातात असलेल्या माणसाची.

आता दुसरी बाजू, कारण त्यांची सगळीच ओरड खोटी असते असं समजलात तर तुम्ही फसाल. 'न्यूयॉर्क पोस्ट'ने १४ ऑक्टोबर २०२० ला हंटर बायडनच्या लॅपटॉपची बातमी दिली. ट्विटरने तिचा दुवा अडवला. ५१ माजी गुप्तचर अधिकाऱ्यांनी पत्र काढलं की यात रशियन कारवाईच्या खुणा दिसतात. पुरावा नाही हेही त्याच पत्रात होतं, पण ते वाक्य पुढे कोणी नेलं नाही. जून २०२४ मध्ये डेलावेअरच्या खटल्यात सरकारी वकिलांनी तोच लॅपटॉप पुरावा म्हणून न्यायालयात ठेवला. हंटर बंदूक प्रकरणात दोषी ठरला आणि १ डिसेंबरला वडिलांनी त्याला माफी दिली, आधी देणार नाही असं सांगून. इथे कॉन्झर्व्हेटिव्ह भाष्यकारांचा संताप मला पूर्ण रास्त वाटतो. मात्र त्यांनी त्याच बातमीवर आणखी एक मजला चढवला: जो बायडनने युक्रेनी कंपनीकडून लाच घेतली. तो मजला अलेक्झांडर स्मिर्नोव नावाच्या एफबीआयच्या खबऱ्यावर उभा होता. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याच्यावर एफबीआयला खोटं सांगितल्याचा आरोप ठेवला गेला आणि डिसेंबरमध्ये त्याने तो कबूलही केला. ज्या कार्यक्रमांत लाचेची गोष्ट महिनोन्महिने चालली, तिथे या कबुलीला किती वेळ मिळाला, ते जुने भाग काढून बघा.

संस्कृतीयुद्धाचं काय, तर ते घोटाळ्यापेक्षा जास्त टिकाऊ उत्पन्न आहे. घोटाळा निकाल लागला, राजीनामा आला की संपतो. पॅट ब्यूकननने ऑगस्ट १९९२ मध्ये ह्यूस्टनच्या रिपब्लिकन अधिवेशनात देशाच्या आत्म्यासाठी सांस्कृतिक युद्ध चालू असल्याचं जाहीर केलं, ते अजून चालू आहे. आणि त्यात सगळं बनावट नाही. क्रिस्टोफर रुफो या उजव्या कार्यकर्त्याने आणि इतरांनी हार्वर्डच्या अध्यक्ष क्लॉडीन गे यांच्या लिखाणातली उसनी वाक्यं दाखवली, ती खरोखर होती. हेतू राजकीय होता म्हणून पुरावा खोटा ठरत नाही. गे यांनी २ जानेवारी २०२४ ला राजीनामा दिला. मुलींच्या स्पर्धांत ट्रान्सजेंडर खेळाडूंनी उतरावं का, हा प्रश्नही तसाच. प्यू या संशोधन संस्थेच्या २०२५ च्या पाहणीत ६६ टक्के अमेरिकनांनी ट्रान्सजेंडर खेळाडूंनी जन्मजात लिंगानुसारच्या संघात खेळावं या बाजूने कौल दिला. त्यात डेमोक्रॅटांचाही मोठा गट होता. या विषयावर त्यांना श्रोता सांभाळायला काही कष्ट पडत नाहीत, म्हणून तो रोज येतो.

गर्भपाताचं उलटं झालं. जवळजवळ पन्नास वर्षं त्यांनी ज्यासाठी जीव टाकला तो गर्भपाताचा देशव्यापी हक्क रद्द करणारा सर्वोच्च न्यायालयाचा डॉब्स निकाल जून २०२२ मध्ये लागला. ऑगस्टमध्ये कॅन्सस या पक्क्या रिपब्लिकन राज्यात गर्भपाताचा घटनात्मक हक्क काढायला ५९ टक्के लोकांनी नकार दिला. म्हणजे श्रोत्यांतच दुफळी होती. त्यानंतर हा विषय मोठ्या कार्यक्रमांतून हळूहळू मागे सरकला, निदान मला तरी तसं स्पष्ट जाणवलं. एवढ्या मोठ्या विजयानंतर इतकी सामसूम!

माझ्या मताची सगळ्यात कडक परीक्षा जेफ्री एप्स्टीन या अल्पवयीन मुलींचं लैंगिक शोषण करणाऱ्या धनाढ्याच्या प्रकरणात झाली. ट्रम्पच्या शब्दावर भाष्यकार चालत असतील तर ट्रम्पने 'सोडा' म्हटल्यावर त्यांनी सोडायला हवं होतं. फेब्रुवारी २०२५ मध्ये अ‍ॅटर्नी जनरल पॅम बाँडी यांना फॉक्सवर एप्स्टीनच्या ग्राहकांच्या यादीबद्दल विचारलं, तेव्हा ती तपासायला आपल्या टेबलावरच आहे असं त्या म्हणाल्या. आठवड्याच्या आत उजव्या इन्फ्लुएन्सर मंडळींना व्हाइट हाउसमध्ये पांढऱ्या फायली वाटल्या गेल्या. आत बहुतेक जुनंच होतं. जुलैत न्याय खात्याने सांगितलं की ग्राहकांची अशी यादीच नाही. ट्रम्पने हे सगळं थोतांड आहे म्हटलं, त्यावर विश्वास ठेवणाऱ्या स्वतःच्याच समर्थकांना कमकुवत म्हटलं. तरुणांमध्ये लोकप्रिय असलेला उजवा भाष्यकार चार्ली कर्क, ज्याची पुढे सप्टेंबरमध्ये हत्या झाली, त्याने आपण तूर्त एप्स्टीनवर बोलणं थांबवतोय आणि सरकारमधल्या मित्रांवर विश्वास ठेवतोय असं सांगितलं. श्रोते उसळले आणि दुसऱ्याच दिवशी त्याला खुलासा करावा लागला. नोव्हेंबरमध्ये कागदपत्रं खुली करण्याचा कायदा प्रतिनिधीगृहात ४२७ विरुद्ध १ मतांनी मंजूर झाला आणि ट्रम्पने त्यावर सही केली. त्या मतदानापर्यंत बात नेण्यात थॉमस मॅसी आणि मार्जरी टेलर ग्रीन हे रिपब्लिकन पुढे होते. श्रोत्याने नेत्यालाही वाकवलं.

हे चांगलंच झालं असं लगेच म्हणू नका. तोच श्रोता आणखी कुठेही नेऊ शकतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये कार्लसनने निक फुएन्टेस या उघड ज्यूद्वेष्ट्या माणसाला बोलावून मैत्रीपूर्ण मुलाखत घेतली. हेरिटेज फाउंडेशन या कॉन्झर्व्हेटिव्ह विचारसंस्थेच्या अध्यक्षांनी आधी कार्लसनची बाजू घेतली, मग माफी मागितली; विश्वस्त रॉबर्ट जॉर्ज राजीनामा देऊन बाहेर पडले. बेन शपिरो या कॉन्झर्व्हेटिव्ह पॉडकास्टरने कार्लसनवर कडक टीका केली. १९६२ मध्ये हे काम एका संपादकाने केलं होतं. आता दार लावणारा कोणी उरलेला नाही, कारण दाराची किल्ली प्रेक्षकांकडे आहे आणि फुएन्टेसचे प्रेक्षक तरुण आहेत.

कोणाला ऐकावं? मोठ्या उजव्या गर्दीच्या मनात या आठवड्यात काय चाललंय हे हवं असेल तर पूर्वी फॉक्सवर असलेली पॉडकास्टर मेगन केली. मुद्देसूद कॉन्झर्व्हेटिव्ह युक्तिवाद हवा असेल तर शपिरो, इस्रायलचा विषय निघाला की तो एका बाजूचा वकील आहे हे धरून. आणि स्वतःच्या बाजूला झापणारे हवे असतील तर 'द डिस्पॅच' हे संकेतस्थळ वाचा. ते २०१९ मध्ये सुरू करणारे जोना गोल्डबर्ग आणि स्टीव्ह हेज यांनी २०२१ मध्ये ६ जानेवारी २०२१ ला ट्रम्पसमर्थकांनी संसदेवर केलेल्या हल्ल्यावरच्या कार्लसनच्या कार्यक्रमावरून फॉक्सचं काम सोडलं. त्यांचे वाचक फॉक्सच्या प्रेक्षकांच्या मानाने मूठभर आहेत.