घाटात तापणारी मारुती ८००

प्रश्न : माझ्याकडे १९९६ सालची कार्ब्युरेटरची मारुती ८०० आहे. पुण्याहून साताऱ्याला येताना खंबाटकी घाटात तापमानाचा काटा वर चढतो आणि गाडी उभी असताना इंजिन थरथरते. गॅरेजमध्ये इंजिन उघडून बोअर करण्याचा (झिजलेले सिलिंडर आतून कापून किंचित मोठे करण्याचा) सल्ला मिळाला आहे. तो योग्य आहे का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : इतक्यात इंजिन उघडू नका. आपल्या दोन तक्रारींचे मूळ एकच असेल असे नाही, म्हणून त्या वेगवेगळ्या तपासाव्यात.

हे इंजिन ७९६ सीसीचे असून त्याला तीन सिलिंडर आहेत. प्रत्येकाचा व्यास ६८.५ मिलिमीटर आणि स्ट्रोक (पिस्टनची खाली-वर चाल) ७२ मिलिमीटर. तीन सिलिंडरांच्या इंजिनात क्रँकशाफ्ट (इंजिनचा मुख्य फिरता दांडा) दर २४० अंश फिरला की एक स्फोट होतो आणि इंजिन पुढे-मागे किंचित डोलते, त्यामुळे थोडी थरथर ही त्याच्या घडणीतलीच आहे. ती अलीकडे वाढली असेल, तर आधी इंजिन ज्यांवर बसवलेले असते ती रबरी माउंटिंग पाहावीत, मग स्पार्क प्लग आणि त्यांच्या वायरी. तिघांपैकी एक सिलिंडर जरी 'मिस' करू लागला, म्हणजे त्यात स्फोट होईनासा झाला, तरी एक तृतीयांश ताकद जाते आणि सारी गाडी हादरते. कार्ब्युरेटरच्या जेटमधला (पेट्रोल सोडणाऱ्या बारीक छिद्रातला) कचरा हेही नेहमीचेच कारण.

तापण्याची तक्रार मात्र अधिक गंभीर आहे. घाटात गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये हळू चढते, समोरून वारा पुरेसा मिळत नाही आणि सगळी भिस्त रेडिएटरच्या विजेवर चालणाऱ्या पंख्यावर येते. गाडी उभी ठेवून इंजिन चालू द्यावे. काटा मध्याच्या बराच वर जाऊनही पंखा सुरू होत नसेल, तर फ्यूज, थर्मोस्विच (ठरावीक तापमानाला पंखा सुरू करणारे बटण) आणि पंख्याची मोटर तपासून घ्यावी. पंखा ठीक असेल, तर बोअरवेलच्या जड पाण्याने रेडिएटरमध्ये क्षार साचले आहेत का ते पाहावे. पाण्याऐवजी कूलंटच वापरावे. थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) काढून टाकण्याचा 'उपाय' काही मेकॅनिक सुचवतात, पण त्याने इंजिन थंडच राहते आणि पेट्रोल जास्त जळते. मला तो मुळीच पटत नाही.

कूलंट बाहेर न गळता कमी होत असेल, सायलेन्सरमधून पांढरा धूर सतत येत असेल किंवा ऑइल दुधाळ दिसत असेल, तर हेड गॅसकेट (इंजिनचा ब्लॉक आणि त्यावरचे झाकण म्हणजे हेड, यांच्यामधले सील) गेल्याची दाट शक्यता आहे. अशा वेळी गाडी चालवू नये. हेड ॲल्युमिनियमचे असल्याने अति तापून वाकते; ते काढल्यावर सपाटी मोजून घेतल्याशिवाय नवे गॅसकेट बसवू देऊ नये. बोअर करण्याचा विचार कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब) मोजल्यानंतरच करावा, आणि ते मोजायला इंजिन उघडावे लागत नाही, प्लग काढले की पुरे.