कंबर, बूम आणि हार्नेस: वाचकांची पत्रं

प्रश्न : ताई, नमस्कार. वय ४३, राहायला बोरिवलीला, ऑफिस बीकेसीत, दिवसभर खुर्चीत. दोन वर्षांपूर्वी विंडसर्फिंग शिकलो आणि तेव्हापासून ऑक्टोबर ते मे एक रविवार सोडत नाही. पण या सीझनला पाण्यातून बाहेर आलो की कंबर खालच्या बाजूला अशी धरते की सोमवारी लोकलमध्ये उभं राहणंसुद्धा नको होतं. फिजिओला दाखवलं, ते म्हणाले डिस्क वगैरे काही नाही, स्नायू आखडतायत. माझ्याकडे मित्राचा जुना वेस्ट हार्नेस (शिडाची ओढ हातांऐवजी अंगावर घेणारा, पुढे हुक असलेला कमरेचा पट्टा) आहे. एकजण म्हणतो सीट हार्नेस घे, क्लबातले म्हणतात ते नवशिक्यांचं काम, लाज वाटेल. बाहेरून मागवायचा म्हणजे खर्च बराच, त्यामुळे एकदाच काय तो नीट घ्यायचाय. कुठला घेऊ? आणि ते ‘लंबर सपोर्ट’ (कमरेला आधार) लिहिलेलं असतं त्याने खरंच फरक पडतो का?

उत्तर : सीट हार्नेस घ्या, आणि लाज वगैरे काही वाटून घेऊ नका. मोठे सेल, म्हणजे शिडं, घेऊन रेस करणारे कितीतरी लोक सीट हार्नेसच वापरतात, कारण मोठ्या सेलची ओढ तासभर अंगावर घ्यायची तर ती कमरेच्या खाली, बुडावर घेतलेलीच परवडते. नवशिक्यांचं हे नाव त्याला कसं पडलं मला माहितीये, त्यात हुक खाली असतो आणि लाइनमध्ये, म्हणजे बूमला (सेल धरायच्या आडव्या दांडीला) बांधलेल्या दोरीच्या फासात, अडकवायला सोपा जातो म्हणून शिकवताना तो देतात, पण म्हणून तो शिकून झाल्यावर टाकून द्यायचा असं कुठे आहे.

आता का ते सांगते, कारण हे कळलं की पुढची निवड तुमची तुम्हालाच करता येईल. वेस्ट हार्नेसमध्ये हुक बेंबीपाशी असतो. सेल ओढते ती थेट बेंबीतून पुढे, आणि तुम्ही मागे रेलता ते खांद्यांनी, म्हणजे मधल्या मधे कंबर पुढे ओढली जाते आणि पाठीची कमान होते. ज्याचं पोट आणि पार्श्वभाग घट्ट आहे तो ही कमान होऊ देत नाही, पण जो आठवड्याचे पाच दिवस खुर्चीत बसून रविवारी पाण्यात उतरतो त्याची दहा मिनिटांत होते आणि मग दोन तास तशीच राहते. सीट हार्नेसमध्ये हुक ओटीपोटापाशी, मांड्यांतून पट्टे गेलेले, त्यामुळे ओढ जाते ती सरळ कटीच्या हाडावर. कमरेचे मणके त्या भानगडीतून जवळजवळ बाहेर पडतात.

पण तुमचं पत्र वाचून मला दुसरीच शंका आली, मित्राचा जुना हार्नेस तुमच्या मापाचा आहे का? मी पहिला घेतला तेव्हा विकणाऱ्याने सांगितलं होतं की हा मीडियम सगळ्यांना बसतो, मीही विश्वास ठेवला, आणि अख्खा सीझन तो वर सरकत सरकत बरगड्यांपर्यंत यायचा. हार्नेस वर गेला की खालची कंबर उघडी पडते, तिला कसलाच आधार राहत नाही आणि ओढ मात्र सगळी वरून येते. घरी आल्यावर बरगड्यांवर निळे डाग असायचे, कंबरेत दिवसभर कळ. मला वाटायचं हा खेळच असा आहे. नंतर दुसऱ्याचा एक साइज लहान हार्नेस एक दिवस वापरून बघितला आणि त्या संध्याकाळी मी खाली वाकून सँडलचा पट्टा लावू शकले, इतका फरक.

म्हणून नवीन मागवायच्या आधी, आणि आल्यावर सुद्धा, हे करून बघा. आमच्या सोसायटीच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीखाली काँक्रीटचा बीम आहे, त्याला मी जाड दोर बांधते, छातीच्या उंचीवर त्याचा फास, त्यात हुक अडकवायचा आणि दोन्ही पाय टेकवून मागे रेलायचं. (खिडकीच्या ग्रिलला कृपा करून नको, ते स्क्रू तुमच्या वजनासाठी नसतात.) नुसतं घालून आरशासमोर उभं राहून काही कळत नाही, पाच मिनिटं वजन टाकून लटकावं लागतं. तेवढ्या वेळात समोरचा, हुक असलेला धातूचा बार थोडा पुढे आला तर ठीक, पण तो कलून वर वर यायला लागला तर हार्नेस ढिला आहे. बारची टोकं कटीच्या हाडांवर टोचायला नकोत. सीट हार्नेसचे मांडीचे पट्टे उभं असताना जरा जास्तच घट्ट वाटतात, बसल्यासारखे रेललात की बरोबर होतात, पण आतल्या बाजूने मांडी सोलवटते म्हणून खाली लायक्राची चड्डी हवीच, मुंबईच्या खाऱ्या पाण्यात त्याशिवाय दुसऱ्या दिवशी चालता येणार नाही.

लंबर सपोर्टबद्दल. पाठीमागचा भाग कडक आणि जाड असला की ओढ एका रेघेवर न येता सगळ्या कमरेवर पसरते, हे खरं आहे आणि त्याचा उपयोग होतो. पण माप चुकलेल्या हार्नेसमध्ये ती जाड पाठ चुकीच्या जागी जाऊन बसते, मग ती असून नसून सारखीच. आणि केमिस्टकडे मिळतो तो कंबरपट्टा आत घालून वर हार्नेस, हे काहीजण करतात, ते करू नका, ओला झाला की तो सरकतो, गुंडाळतो आणि हार्नेस नीट बसूच देत नाही.

हार्नेस बदललात की लाइन्स पण बदलाव्या लागतील, हे लोक विसरतात आणि मग म्हणतात सीट हार्नेसने उलट जास्त दुखलं. हुक खाली गेला म्हणजे बूमपासून लांब गेला ना. जुन्याच लाइन्स ठेवल्या तर तुम्ही बूमला चिकटून ताठ उभे राहणार, हात दुमडलेले, कंबर परत पुढे. साधं माप असं, कोपर बूमला लावा आणि लाइन ओढून हाताच्या बाजूने धरा, ती मनगटापर्यंत आली पाहिजे, सीट हार्नेससाठी तिथून अजून थोडी पुढे तळहातात. हल्ली साधारण २६ ते ३० इंचांच्या वापरतात, तुम्ही लांबी कमीजास्त करता येणारी जोडी घ्या, पहिले तीन-चार रविवार तिच्यावर काढा, मग कळेल तुम्हाला नेमकं किती लागतं. बूम खांद्याच्या उंचीला, हनुवटीच्या वर तर अजिबात नको. लाइन्स सेलच्या तोलाच्या जागी, म्हणजे बूमच्या पुढच्या टोकापासून साधारण एक तृतीयांशावर, दोन्ही टोकांत मूठभर अंतर ठेवून. तोल बरोबर आहे का ते ओळखायचं सोपं आहे, हुक लावून दोन्ही हात क्षणभर हलके सोडा. मागचा हात ओढला गेला तर लाइन्स फार पुढे आहेत, पुढचा हात ओढला गेला तर फार मागे. हे छोटं वाटतं पण लाइन्स चुकीच्या जागी असल्या की तुम्ही नकळत कमरेत पीळ घेऊन दोन तास उभे असता, आणि तुमच्यासारखं स्नायू आखडणं बऱ्याचदा त्या पिळातून येतं असा माझा अनुभव आहे.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं, जे तुम्ही लिहिलंच नाही. दुखतं नक्की कधी? सेल धरून वाऱ्यावर जाताना, की पडलेली सेल पाण्यातून वर ओढताना, की किनाऱ्यावर सामान नेताना? हार्नेस फक्त पहिल्यावर काम करतो. अपहॉल करताना, म्हणजे पडलेली सेल दोरीने उचलताना, तिच्यावर पाणी साचलेलं असतं आणि त्या वेळी ती दगडासारखी जड असते. बहुतेक माणसं गुडघे ताठ ठेवून कमरेत वाकतात आणि हिसका देतात. तसं नको. मास्टच्या (सेलच्या डोलकाठीच्या) दोन्ही बाजूंना पाय, गुडघे वाकवलेले, पाठ सरळ, हात सरळ, आणि नुसतं शरीराचं वजन मागे टाकून थांबायचं. थांबायचं म्हणजे खरंच थांबायचं, एक-दोन-तीन-चार मोजत, पाणी सेलवरून सळसळत निघून जातं तो आवाज येतो, आणि मग ती आपोआप हलकी होते, मग एक एक हात घेत वर. सेल थोडी लहान घ्या, दुपारी खारे वारे चढले की ५.५ चौरस मीटरची ४.७ करायला काही कमीपणा नाही. शिवाय हुकात अडकवायची अपहॉलची वेगळी दोरी मिळते, तिने ओढ हातांऐवजी हार्नेसवर येते, सीट हार्नेस असेल तर ती फार छान काम करते.

सामानाचं म्हणाल तर उधाणाच्या दिवसांत ओहोटीला आपल्याकडे पाणी किती लांब जातं ते तुम्हाला माहितीये. मी एका नोव्हेंबरात घोट्यापर्यंतच्या चिखलातून बोर्ड एकटीने उचलून नेला, पाय रुतला, अंग एकीकडे वळलं आणि कमरेत अशी उसण भरली की तिथेच चिखलात बसले. तीन आठवडे गेले त्यात. भरतीचं टाइमटेबल बघून जा, आणि बोर्ड दोघांनी उचला, क्लबात कोणी ना कोणी असतंच.

एक रविवार तीन गोष्टी वहीत लिहून ठेवा, दुखायला कधी सुरुवात झाली, त्या वेळी काय करत होतात, हुक लावलेला होता का. मग पैसे खर्च करा.

प्रश्न : ताई, मी १९ वर्षांची, दादरला राहते. २०२३ च्या एशियन गेम्समध्ये इबाद अलीने विंडसर्फिंगचं ब्राँझ आणलं ते बघून शिकायला लागले. आता सर म्हणतात हार्नेस घे. लाइफ जॅकेटच्या वरून घालायचा की आतून? माझी कंबर बारीक आहे, सगळे हार्नेस फिरतात.

उत्तर : किती छान वाटलं तुझं पत्र वाचून! वेस्ट हार्नेस घेतलास तर तो आखूड, कमरेच्या वरच संपणाऱ्या जॅकेटच्या खालोखाल किंवा वरून बसतो, पण क्लबातली जॅकेटं बहुतेक लांब असतात, त्यांच्यावर हार्नेस आवळला तर दोन्ही सरकतात. सीट हार्नेसला ही अडचण नाही, तो खाली असतो आणि मांडीच्या पट्ट्यांमुळे फिरतही नाही, म्हणून तुलाही मी तोच सांगेन. कंबर बारीक असेल तर बायकांच्या मापाचे वेगळे मॉडेल्स येतात, त्यात पाठीचा आकार वेगळा असतो, आधी कंबर आणि कटी दोन्ही मोज आणि कंपनीच्या तक्त्याशी ताडून बघ. सरांच्या समोर, कंबरभर पाण्यात, हुक लावणं-सोडणं पन्नास वेळा करून घे, सेलखाली अडकलीस तर घाबरून न ओढता आधी बूमकडे सरकून लाइन सैल करायची आणि हुक काढायचा, हे हाताला सवयीचं झालं पाहिजे. त्याशिवाय खोल पाण्यात हुक लावू नकोस.

प्रश्न : माझे मिस्टर ५१ वर्षांचे, ठाण्याला राहतो. विंडसर्फिंगहून आले की कमरेपासून डाव्या पायात पोटरीपर्यंत कळ जाते, अंगठा बधिर वाटतो म्हणतात. ते म्हणतायत नवीन हार्नेस घेतला की थांबेल. तुमचं मत?

उत्तर : वहिनी, नाही. कळ पायात उतरते आणि अंगठा बधिर होतो म्हणजे नस दाबली जात असण्याची शक्यता आहे, आणि ते तपासायला ऑर्थोपेडिक डॉक्टर हवा, या आठवड्यातच. पाऊल उचलताना घसटायला लागलं, किंवा लघवी-संडासवरचा ताबा गेल्यासारखा वाटला, दोन्ही मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिरपणा आला, तर अपॉइंटमेंटची वाट न बघता थेट हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत न्या, रात्र असली तरी. तोपर्यंत पाण्यात जाणं बंद, सामान उचलणं बंद, पण अंथरुणाला खिळून राहू नका म्हणावं, थोडं थोडं चालत राहिलेलं बरं. त्यांना राग येईल, सीझन अर्ध्यावर आहे म्हणतील, तरी ऐकू नका. डॉक्टरांनी परत पाण्यात जायला हो म्हटलं की त्यांची उंची, वजन, सेलचा साइज आणि आत्ताच्या लाइन्सची लांबी मला लिहून पाठवा.