'बाह्य खर्च' की 'भुर्दंड'?

प्रश्न असा आहे : कोळशापासून वीज करताना निघणारा धूर, राख, उठवली जाणारी गावं यांची जी झळ वीजकंपनीच्या हिशेबात येतच नाही, तिला अर्थशास्त्रात 'एक्स्टर्नल कॉस्ट' म्हणतात. मराठीत 'बाह्य खर्च' चालेल का?

छापलेला दिसतो, पण मला पटत नाही. बाह्य म्हणजे कुणाच्या बाहेरचा? कंपनीच्या वहीबाहेरचा. ज्याच्या शेतावर राख बसते त्याच्या तो घरातच शिरलेला असतो. 'पर्यावरणीय खर्च' तर उलटाच अर्थ देतो. मराठीत खर्च करणारा आपल्या खिशातून करतो, त्यामुळे 'कंपनीचा पर्यावरणीय खर्च' म्हटलं की वृक्षारोपण डोळ्यांपुढे येतं.

केलं एकाने आणि पडलं दुसऱ्याच्या अंगावर, याला आपल्याकडे नेमका शब्द आहे : भुर्दंड.

माझी मावशी एका औष्णिक केंद्राजवळ राहते. आपल्या दगडी कोळशात साधारण ३० ते ४० टक्के राखच असते. दोरीवरचा कपडा ती आधी झटकते, मग घडी घालते. पांढरे कपडे घरातच वाळत घालते. तिच्या वीजबिलात स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार अशा ओळी असतात. (हा 'आकार' म्हणजे आकारलेली रक्कम, सातबाऱ्यावर असतो तोच.) त्या झटकण्याचा आकार कुठल्याच ओळीत नाही. तो भुर्दंड.

त्याच्या जोडीचं क्रियापदही तयार आहे : 'हिशेबात धरणे'. बाहेर राहिलेली झळ कंपनीच्या वहीत आणण्याला ('इंटर्नलाइझ' करण्याला) 'आंतरिकीकरण' कशाला हवं? २०१० साली केंद्राने कोळशावर टनामागे ५० रुपये उपकर बसवला, २०१६ मध्ये तो ४०० झाला. म्हणजे भुर्दंड थोडाफार हिशेबात धरला गेला. पण २०१७ मध्ये जीएसटी आला आणि उपकराची रक्कम राज्यांच्या महसूलभरपाईकडे वळली. भुर्दंड सोसणाऱ्याची भरपाई राहिलीच.

विस्थापनाला मात्र मी भुर्दंड म्हणणार नाही. भुर्दंड निदान भरून देता येतो. १९२१ साली मुळशीचे मावळे टाटांच्या जलविद्युत धरणाविरुद्ध उभे राहिले, तेव्हा त्यांची घोषणा होती 'जान किंवा जमीन'. तिथे 'मोबदला'सुद्धा तोकडा पडतो. अशा ठिकाणी पारिभाषिक शब्द शोधूच नये. 'गाव बुडालं' असंच लिहावं.